लोकरीची जाळी पाण्यातच का उमलते?

परभणीचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी आली की मराठवाड्यात सुया बाहेर निघतात. दुकानात ‘लोकर’ मागितली की हाती बहुधा ॲक्रिलिकचा गुंडा पडतो. उबेला तो वाईट नाही. पण त्याचा जाळीदार रॅग्लन स्वेटर (ज्याच्या बाह्या गळ्यापासून काखेपर्यंतच्या तिरप्या रेघांनी अंगाला जोडलेल्या असतात) विणला की कापड चुरगळलेल्या कोबीच्या पानासारखं दिसतं आणि धुऊन ताणून वाळवलं तरी पुन्हा आक्रसतं.

जाळीत दोनच क्रिया असतात. धागा सुईवर नुसता फिरवला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो; दोन टाके एकत्र विणले की एक घटतो. भोक आणि त्याची घट यांच्यात अंतर असेल तर मधल्या टाक्यांच्या रांगा तिरप्या होतात. हा तिरपा ताण कापडात अडकून राहतो, म्हणून ते गोळा होतं.

आता खरी गंमत. मेंढीची लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलंच प्रथिन. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी, म्हणजे कच्च्या जोडांनी, एकमेकींना धरून असतात. पाणी आत शिरलं की त्यातले बरेच बंध सुटतात आणि पाणी उडून जाताना नव्या जागी जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केस नागमोडी होतात ते याचमुळे, आणि लोकरीची ओली जाळी ताणून वाळवली की उघडी राहते तेही याचमुळे. गंधकाचे पक्के बंध मात्र साध्या पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून धागा विरघळत नाही आणि पुढच्या धुण्यात जाळी पुन्हा आक्रसते. दर वेळी नव्याने ताणावी लागते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश ओलावा शोषते, ॲक्रिलिक जेमतेम दोन टक्के. ॲक्रिलिकच्या धाग्यात पाणी फारसं शिरतच नाही, तर बंध सुटणार कसे?

लोकरीचा स्वेटर साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सतरंजीवर मापात ताणून दर 5 सेंटीमीटरला न गंजणारी टाचणी लावा आणि सावलीत वाळू द्या. गरम पाण्यात चोळलात तर धाग्यांवरचे खवले एकमेकांत अडकून नमदा होईल, तो परत उलगडत नाही. ॲक्रिलिकवर इस्त्रीची वाफ दोन-तीन सेंटीमीटर वरूनच द्या. जास्त उष्णता लागली तर ते कायमचं लुळं पडतं.

लोकर ओळखायची तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून, खिडकी उघडी ठेवून जाळा. केस जळाल्याचा वास आणि चुरडली जाणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक.

घोंगडीवर झोपल्याने, तिच्यातल्या ‘ऊर्जे’मुळे, कंबरदुखी, अगदी अर्धांगवायूही जातो, अशा जाहिराती हल्ली येतात. केराटिनमध्ये अशी कुठलीही ‘ऊर्जा’ नाही. घोंगडीची, दख्खनी मेंढीची लोकर स्वेटरला घेत नाहीत, कारण 30 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, कातडीला टोचतात. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर 20 मायक्रॉनच्या आसपास असते.

हा रॅग्लन गळ्यापासून खाली, गोल विणा. 10 सेंटीमीटरला 20 टाके, 28 फेऱ्या धरा. हे माप नमुन्याचा तुकडा धुऊन वाळवल्यावरच घ्यायचं. 20 ऐवजी 22 टाके पडले तर 94 सेंटीमीटरची छाती 85 वर येते. गळ्याला 80 टाके: पुढे 28, मागे 28, बाह्या 8-8, चार तिरप्या रेघांना 2-2. दर दुसऱ्या फेरीत रेघांच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे 8 टाके वाढवा. अशा 28 वाढींनंतर, 20 सेंटीमीटरवर, 304 टाके होतात. बाह्यांचे टाके बाजूला ठेवून, प्रत्येक रेघेतला एक टाका अंगाकडे धरून प्रत्येक काखेत 8 नवे टाके घेतले की अंगाला 188 मिळतात.

गोंधळ रेघेपाशी होतो. तिथे एका बाजूला दोन फेऱ्यांत एकच टाका वाढतो, म्हणून 8 टाक्यांची नवी नक्षी बसायला 16 फेऱ्या लागतात. तोवर ते टाके सुलट विणा. भोक मावतं पण त्याची घट मावत नाही, अशा ठिकाणी भोकही टाळा, नाहीतर टाके वाढत जातात आणि खांदा फुगतो. वाढ करतानाही दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून पीळ देऊन विणा. पीळ विसरलात तर रेघेवर नको असलेली भोकं पडतात.