एव्हान्स गँबिट

बुद्धिबळातील इटालियन सुरुवातीचा आक्रमक प्रकार. गँबिट म्हणजे हल्ल्यासाठी सुरुवातीलाच प्यादे देऊ करणे. वेल्सचा जहाज-कप्तान विल्यम डेव्हिस एव्हान्स याने १८२० च्या दशकात तो खेळात आणला. चाली अशा (आधी पांढऱ्याची, मग काळ्याची) : १. ई४ ई५, २. घोडा एफ३, घोडा सी६, ३. उंट सी४, उंट सी५, ४. बी४.

नागपुरात संक्रांतीला पेच लढवणाऱ्याला ही चाल लवकर कळते. बी४ चे प्यादे म्हणजे दिलेली ढील. उंटाने ते घेतले की ५. सी३ त्याच उंटावर येते. तो तिसऱ्यांदा हलतो आणि पांढऱ्याला ६. डी४ करून मधली घरे ताब्यात घेता येतात.

५... उंट ए५ (तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल), ६. डी४ नंतर काळ्याने डी४ व पुढे सी३ अशी प्यादी खात सुटणे धोक्याचे. पांढरा किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल) करून वजीर बी३ वर आणतो. वजीर आणि उंट दोघांचा रोख एफ७ वर, काळ्याचा राजा अजून मध्येच. बर्लिनमधील १८५२ च्या अँडरसन–डुफ्रेन डावात पांढऱ्याने शेवटी वजीरही दिला आणि २४ व्या चालीला मात केली.

खरा उतारा माजी जगज्जेता इमॅन्युएल लास्करचा : ६... डी६, ७. किल्लेकोट, उंट बी६. इथे पांढऱ्याने घाईने ई५ मारून वजीर बदलले, तर प्यादे परत मिळते. पण हल्ला संपतो आणि ए२, सी३ ही प्यादी एकटी पडतात. नवशिके हमखास इथेच फसतात. म्हणून सातव्या चालीला आधी वजीर बी३ खेळणे बरे. १९९५ मध्ये रिगा येथे आनंदने ५... उंट ई७ निवडले. कास्पारोव्हने ७. उंट ई२ असा शांतपणे मागे घेतला आणि २५ चालींत डाव जिंकला.

रौनक साधवानी (२०१९), संकल्प गुप्ता (२०२१) आणि दिव्या देशमुख (२०२५) हे ग्रँडमास्टर देणाऱ्या नागपुरात आता शाळकरी खेळाडूही इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) लावून तयारी करतात. इंजिन काळ्याला बरोबरी दाखवते; १५ मिनिटांच्या रॅपिड म्हणजे जलद डावात ती शोधणे वेगळे.

किल्लेकोट करताना हात आधी राजालाच लावावा. आधी हत्तीला लावला, तर नियमानुसार हत्तीच हलवावा लागतो आणि सातव्या चालीलाच हल्ला लुळा पडतो.