‘बाय’ की ‘अंटिल’? घोळ आपल्या ‘पर्यंत’चा

इंग्रजीतल्या ‘बाय’ आणि ‘अंटिल’ यांचं एकमेकांशी काही नातं नाही. तरी मराठी माणसाच्या ईमेलमध्ये एकाच्या जागी दुसरा येतो, कारण आपण दोघांचंही काम ‘पर्यंत’वर भागवतो. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ ही दोन्ही वाक्यं मराठीत बिनतक्रार चालतात.

फरक क्रियापदावरून कळतो. देणं, पोचणं, परत करणं अशी एकदाच घडून संपणारी क्रिया असेल तर ‘बाय’. थांबणं, राहणं, बंद असणं अशी चालू राहणारी असेल तर ‘अंटिल’. ‘फिनिश इट बाय फाइव्ह’ म्हणजे पाच वाजता किंवा त्याआधी काम संपव, आधी संपलं तर उत्तमच. ‘वर्क अंटिल फाइव्ह’ म्हणजे पाच वाजेतो काम करत राहा. त्यामुळे ‘सबमिट द फॉर्म अंटिल फ्रायडे’ असं लिहिलं, तर शुक्रवार उजाडेतो फॉर्म पाठवतच राहा, असा विचित्र अर्थ होतो. शंका आली की मराठी वाक्यात ‘किंवा त्याआधी’ घालून बघावं. बसलं तर ‘बाय’.

नकार आला की खरी गंमत. ‘ही हॅडन्ट कम बाय टेन’ म्हणजे दहा वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता. पुढे तो आला की नाही, हे वाक्य सांगत नाही. ‘ही डिडन्ट कम अंटिल टेन’ म्हणजे तो आला, पण आला तो दहालाच. मराठीत दोन्हींना ‘दहापर्यंत आला नाही’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो आणि उलट भाषांतर करताना माहिती हरवते.

सगळ्यात चिवट चूक वेगळीच आहे. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ यातला ‘नाही’ आपण इंग्रजीत नेतो: ‘वेट अंटिल ही डझन्ट कम’. इंग्रजीत तो नकार नको. ‘वेट अंटिल ही कम्स’ एवढंच. भविष्यकाळाची गोष्ट असली तरी इथे ‘विल कम’ही नको. आणि ‘अंटिल’नंतर असं अख्खं वाक्य थेट येतं, ‘बाय’नंतर येत नाही, तिथे ‘बाय द टाइम ही कम्स’ म्हणावं लागतं.

‘टिल’चा अर्थ ‘अंटिल’सारखाच, फक्त बाज जरा बोलण्यातला. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला शेवटी दोन एल, ‘अंटिल’ला एकच.

‘ऑफिस इज क्लोज्ड अंटिल फ्रायडे’ यात शुक्रवार सुट्टीचा की कामाचा, यावर इंग्रजी मातृभाषा असणारेही अडतात. सूचना लिहिताना ‘रीओपन्स ऑन फ्रायडे’ असं सरळ लिहावं.

अंतरासाठी मात्र दोन्ही बाद. ‘स्टेशनपर्यंत चाललो’ म्हणजे ‘वॉक्ड टिल द स्टेशन’ नव्हे. ‘वॉक्ड टू द स्टेशन’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन’.