हॅश-स्थलांतर (आवृत्ती नियंत्रण)

हॅश-स्थलांतर : आवृत्ती नियंत्रण प्रणालीत (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) फायली, निर्देशिका व कमिट (प्रकल्पाच्या त्या-त्या वेळच्या स्थितीची नोंद) यांची ओळख ज्या हॅश फलनाने (मजकुरावरून ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या गणिती रीतीने) ठरते ते काढून त्याजागी अधिक भक्कम फलन आणणे. व्यवहारात ही संज्ञा मुख्यतः गिट या प्रणालीने एसएचए-१ हे फलन सोडून एसएचए-२५६ घेण्याला लावतात.

गिटच्या साठ्यात फाइल नावाने नव्हे, मजकुरावरून ओळखली जाते. ‘नागपूर’ एवढाच शब्द व पुढे नवी ओळ असलेली फाइल घेतली, तर यूटीएफ-८ मध्ये ६ चिन्हांचे प्रत्येकी ३ असे १८ बाइट आणि ओळ संपल्याचा १, मिळून १९ बाइट होतात. गिट त्याआधी ‘ब्लॉब’ हा प्रकार (रोमन ४ अक्षरे), मोकळी जागा, १९ हा आकडा व एक शून्य बाइट असे ८ बाइटांचे शीर्षक लावते आणि एकूण २७ बाइटांचा हॅश काढते. एसएचए-१ मध्ये तो २० बाइटांचा (४० षोडशमान अंक), तर एसएचए-२५६ मध्ये ३२ बाइटांचा (६४ अंक) येतो. ट्रीमध्ये (निर्देशिकेच्या नोंदीत) फायलींचे हॅश असतात, कमिटमध्ये ट्रीचा व आधीच्या कमिटचा. म्हणून फलन बदलले की पहिल्या कमिटपासून सगळा इतिहास नव्याने मोजावा लागतो.

मुळात एसएचए-१ सुरक्षेसाठी निवडले होते की नाही, यावर मतभेद आहेत. मजकुराच्या हॅशवर आधारलेली मोनोटोन ही प्रणाली गिटच्या आधीची. तिच्यातही एसएचए-१ च होते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. शाओयुन वांग व सहकाऱ्यांनी एसएचए-१ अपेक्षित २^८० ऐवजी सुमारे २^६९ पावलांत मोडता येते असे त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर केले होते. हॅश हा प्रामुख्याने डेटा बिघडल्याचे कळावे म्हणून आहे, अशी टॉरव्हाल्ड्स यांची भूमिका राहिली. मात्र सही केलेला टॅग (कमिटला दिलेले नाव) शेवटी कमिटच्या हॅशवरच विसंबतो. तेव्हा दुसरा पक्ष, म्हणजे सुरक्षेचा भार हॅशवर आहेच हे मत, अधिक ग्राह्य वाटते.

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी सीडब्ल्यूआय (ॲमस्टरडॅममधील गणित व संगणक संशोधन संस्था) व गूगल यांनी एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ प्रसिद्ध केल्या. दोन्ही ४,२२,४३५ बाइटांच्या. गिटमध्ये शीर्षक आधी जोडले जात असल्याने त्यांची टक्कर होत नाही, म्हणजे दोघींचा हॅश एकच येत नाही. सबव्हर्जन ही दुसरी आवृत्ती नियंत्रण प्रणाली मात्र निव्वळ मजकुराचा हॅश घेऊन सारखा मजकूर एकदाच साठवते, त्यामुळे वेबकिट या ब्राउझर-इंजिनाचा साठा या दोन फायली टाकताच अडकला. शीर्षक हे संरक्षण मानू नये : ते गृहीत धरूनही टक्कर घडवता येते. गिट २.१३ (२०१७) पासून टक्कर ओळखणारे एसएचए-१ मूळ निवड (वेगळे काही न सांगितल्यास वापरले जाणारे) म्हणून आले. पुढे २०२० मध्ये लरां व पेरां यांनी ठरवलेल्या पूर्वभागांची टक्कर (दोन्ही मजकुरांची वेगवेगळी सुरुवात आपणच निवडून घडवलेली) दाखवली.

नव्या फलनाच्या पर्यायांत ब्लेक२ व के१२ हेही होते. २०१८ मध्ये एसएचए-२५६ ठरले. गिट २.२९ (२०२०) पासून ‘इनिट’ या साठा उघडण्याच्या आज्ञेला ‘ऑब्जेक्ट-फॉरमॅट’ हा पर्याय देऊन असा साठा उघडता येतो. ट्रीमधील प्रत्येक नोंद १२ बाइटांनी वाढते, आणि हॅश यादृच्छिक दिसत असल्याने संपीडनाने ती वाढ कमी होत नाही.

जुना साठा हलवण्याची रुळलेली वाट अशी : नवा एसएचए-२५६ साठा उघडून जुन्यातून ‘फास्ट-एक्स्पोर्ट’ने सर्व शाखा व टॅग काढायचे आणि ते नव्याच्या ‘फास्ट-इम्पोर्ट’ला द्यायचे. दोन्ही टोकांना खुणांची (प्रत्येक नोंदीला दिलेल्या क्रमांकांची) फाइल लिहून ठेवल्यास, सामाईक खूणक्रमांकावरून जुन्या व नव्या हॅशची जोडी लावता येते. ही फाइल टाकून देऊ नये. सही केलेला टॅग भेटला की निर्यात थांबते, तेव्हा त्याचे काय करायचे ते आधीच सांगावे लागते. सबमॉड्यूल (साठ्यात जोडलेले दुसरे साठे) असल्यास ते आधी हलवावे, मग त्यांच्या खुणांच्या फायली मुख्य साठ्याच्या आयातीला द्याव्यात.

खरी पडझड साठ्याबाहेर होते. कमिटच्या संदेशात लिहिलेले जुने हॅश, ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) वगळायच्या कमिटची यादी, कमिटला जोडलेल्या नोट्स, ४० अक्षरांचा डेटाबेस-स्तंभ, बिल्डच्या स्क्रिप्टमधील ‘बरोबर ४० अंक’ अशी तपासणी, हे सारे तुटते. जुन्या क्लोनने (साठ्याच्या उतरवून घेतलेल्या प्रतीने) नव्या साठ्यातून आणायला गेल्यास अल्गोरिदम जुळत नसल्याची चूक दाखवून गिट थांबते. नवा क्लोनच घ्यावा लागतो.

यजमान सर्व्हरला नवे स्वरूप कळते का, हे म्हणूनच आधी पाहावे. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये बसून दूरच्या ग्राहकाच्या सर्व्हरवर कोड ढकलणाऱ्या चमूला हा निर्णय एकट्याने घेता येत नाही. सराव स्थानिक साठ्यावर करता येतो. गिट ३.० मध्ये नव्या साठ्यांसाठी एसएचए-२५६ हीच मूळ निवड करण्याचे योजले आहे.

फॉसिल या दुसऱ्या आवृत्ती नियंत्रण प्रणालीने मार्च २०१७ मध्ये २.० आवृत्तीत एसएचए३-२५६ घेतले. तेथे जुन्या नोंदी जुन्या हॅशनेच राहतात आणि नव्या त्यांच्याशेजारी नांदतात. मर्क्युरियल या आणखी एका प्रणालीच्या रेव्हलॉगमध्ये (इतिहास साठवण्याच्या फाइल-स्वरूपात) २० बाइटांच्या हॅशसाठी ३२ बाइटांची जागा पूर्वीपासून राखलेली आहे.