तुरटीने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही

कृष्णेला पूर आला की सांगलीत घरोघरी तुरटीचा खडा बाहेर निघतो, आणि २०१९ च्या महापुरानंतरही "तुरटी फिरवली की पाणी पिण्याजोगे होते" ही समजूत तशीच टिकून आहे. कळशीत खडा चार-सहा वेळा फिरवला की गाळाचे पुंजके होऊन तळाशी तपकिरी साका बसतो, वरचे पाणी नितळ दिसते, आणि डोळ्यांची फसगत होते ती येथेच. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात. त्यांच्याबरोबर काही जंतूही खाली बसतात, पण ते मरत नाहीत, आणि कॉलरा किंवा कावीळ होण्याइतके जंतू निवळीतही उरू शकतात.

तरीही तुरटी टाकाऊ नाही, कारण गढूळ पाण्यात जंतू मारण्यासाठी टाकलेले क्लोरीन गाळावरच खर्च होऊन जाते, म्हणून आधी तुरटीने गाळ खाली बसवावा. निवळ दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तशीच उकळू द्यावी, नाहीतर क्लोरीनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. लहान मुलांच्या पाण्याबाबत तरी यात कसूर नको, ही कळकळीची विनंती. उकळलेल्या पाण्यात पुढे जंतुनाशक काहीच उरत नसल्याने ते झाकून ठेवावे आणि हात न बुडवता ओगराळ्याने घ्यावे.