पॅलेटचं लाकूड आणि पाडलेल्या घराचं लाकूड: दोन्ही ‘जुनं’, पण एकसारखं नाही

घरच्या घरी, कमी खर्चात, ओबडधोबड बाजाचं फर्निचर करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: जुनं लाकूड घ्या. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. ‘जुनं लाकूड’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू खपतात. एक म्हणजे पॅलेटच्या, म्हणजे माल ज्याच्यावर रचून नेतात त्या लाकडी चौकटीच्या, फळ्या. दुसरं म्हणजे पाडलेल्या घरातून निघालेल्या तुळया, वासे आणि दारांच्या चौकटी. दोन्ही काळवंडलेलं, दोन्हीत खिळ्यांची भोकं, आणि फोटोत दोन्ही सारखंच देखणं.

मी हा फरक एका टीपॉयवर शिकलो. पॅलेटच्या सहा फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून वर छान पॉलिश केलं होतं. तीन महिन्यांत प्रत्येक जोडात फट पडली, आणि एक फळी तर मधोमध उभी चिरली. कारागिरीचा दोष असेल असं वाटून मी आधी स्वतःलाच नावं ठेवली. दोष निघाला ओलाव्याचा.

पॅलेट बनवताना त्याचं फर्निचर होईल असा विचार कुणीच केलेला नसतो. माल उचलायचा, न्यायचा, उतरवायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळे पटकन वाढणारं, स्वस्त, बहुधा पाइनसारखं मऊ लाकूड वापरतात आणि ते पूर्ण वाळण्याची वाट बघत बसत नाहीत. वर पुन्हा ते उघड्यावर पावसात पडून राहतं. म्हणजे दिसायला जुनं, पण आतून बऱ्याचदा ओलंच.

इथे शिक्क्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि काही अक्षरं डागलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलं आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे. एमबीवालं घरात आणू नका, एवढं पुरे. पण एचटी वाचून लोक समजतात की लाकूड भट्टीत वाळवलंय. तसं नाही. ती उष्णता किडी मारण्यासाठी असते, लाकूड सुकवण्यासाठी नव्हे. अर्ध्या तासात कीड मरते, पाणी जात नाही. शिवाय शिक्का फक्त तेव्हाच्या प्रक्रियेबद्दल बोलतो. नंतर त्या पॅलेटवर काय सांडलं ते त्याला ठाऊक नसतं. तेलकट डाग किंवा उग्र वास असेल तर शिक्का कितीही चांगला असो, ते सोडून द्या. शिक्काच नसेल तर ते विषारी असेलच असं नाही, पण त्याच्याबद्दल काहीच कळत नाही.

ओलं लाकूड वाळताना आखडतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र चांगलंच. १०० मिलिमीटर रुंदीची ओली फळी घरात वाळताना सहज तीन मिलिमीटर कमी होते. माझ्या टीपॉयच्या फटी म्हणजे नेमका हाच हिशेब होता.

उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. फळ्या सुट्या करा, दोन थरांमध्ये बारीक पट्ट्या घालून सावलीत, हवेशीर जागी रचून ठेवा आणि त्यातल्या एखाद्या फळीचं दर आठवड्याला साध्या काट्यावर वजन करा. वजन उतरत असेपर्यंत पाणी जातंय. दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की ती फळी तिथल्या हवेशी जुळली. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तरी काट्यावर काम भागतं. शेवटचे काही दिवस जिथे ते फर्निचर राहणार त्याच खोलीत फळ्या ठेवल्या तर आणखी बरं.

घराच्या लाकडाचं हे दुखणं बहुतेक आधीच संपलेलं असतं. कित्येक वर्षं छपराखाली राहून त्याचं आखडून, वाकून, चिरून झालेलं असतं. ऋतूप्रमाणे थोडं हलतंच, पण धक्का देत नाही. म्हातारं झालं म्हणून कमजोर होतं, ही समजूतही खोटी. कोरडं राहिलेलं आणि किडीने न धरलेलं लाकूड वयामुळे ताकद गमावत नाही.

त्याची दुखणी निराळी. तुळईचं जे टोक भिंतीत बसवलेलं असतं ते ओल धरून कुजतं, आणि वरचा रंग शाबूत असल्यामुळे कळत नाही. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तेवढं टोक कापून टाका. बारीक भोकं दिसली तर खाली कागद पसरून लाकडावर थाप द्या. फिकट, ताजी भुकटी पडली तर कीड बहुधा अजून आत आहे. भोकं नुसतीच काळपट आणि कोरडी असतील तर कीड बहुधा कधीच निघून गेलेली असते.

सगळ्यात जपायचं ते जुन्या रंगाला. पूर्वीच्या तेलरंगांत शिसं असायचं. त्याच्यावर कोरडा सँडपेपर मारला की ते धुळीतून श्वासात जातं. लहान मुलं असलेल्या घरात तर हा धोका पत्करूच नये. पापुद्रे सुटलेला जुना रंग ‘रस्टिक’ दिसतो म्हणून तसाच ठेवायची हौस अनेकांना असते. मला ती अजिबात पटत नाही. हिरवट झाक असलेलं, किडीचं औषध मुरवलेलं लाकूडही घरातल्या वस्तूंसाठी नकोच.

आता खिळे. पॅलेटचे खिळे पीळदार किंवा कडीदार असतात, मुद्दाम न निघण्यासाठीच बनवलेले. पहारीने उचकटायला गेलात की खिळा जागचा हलत नाही, फळीच फुटते. फळी आणि खालच्या ओंडक्याच्या फटीतून धातू कापायचं पातं घालून खिळाच कापावा. डोकं फळीत राहतं, ते दिसायला वाईटही नाही. घराच्या लाकडातले खिळे त्या मानाने निघतात, पण मोडके तुकडे आत दडून बसतात. रंधा मारण्याआधी चुंबक फिरवा. पात्याची धार त्या एका मिनिटात वाचते. आणि हे लाकूड इतकं कडक झालेलं असतं की आधी भोक न पाडता स्क्रू घुसवला तर स्क्रूचं डोकंच तुटतं.

पैशाचं म्हणाल तर पॅलेट बऱ्याचदा फुकट मिळतं. (विचारून घ्या, ठरावीक रंगात रंगवलेली पॅलेट बहुधा भाड्याने फिरवणाऱ्या कंपनीच्या मालकीची असतात.) पण ते सोडवणं, वाळवणं आणि फुटलेल्या फळ्या बाजूला काढणं यात सुट्टीचे दिवस जातात. घराच्या लाकडाला पैसे मोजावे लागतात, मात्र एका तुळईतून टेबलाचे चारही पाय निघतात.

मग कशासाठी काय? मापं बघितली की हे आपोआप सुटतं. युरो पॅलेट १२०० × ८०० मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्यातून १२० सेंटीमीटरपेक्षा लांब फळी मिळणारच नाही, आणि खिळे असलेली टोकं कापली की त्याहूनही आखूड. जाडी साधारण दोन सेंटीमीटर. खोकी, भिंतीवरची छोटी मांडणी, आरशाची चौकट, कुंड्यांचं स्टँड यांना एवढं पुष्कळ. पुस्तकांच्या फळीला मात्र दोन आधारांमधलं अंतर कमी ठेवा. अंतर दुप्पट केलं तर तेवढंच वजन फळीला आठपट वाकवतं. उलट जाडी दुप्पट केली तर वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणूनच बाक, पलंग, जेवणाचं टेबल, माणूस ज्याच्यावर भार टाकतो ते सगळं मी घराच्या जाड लाकडातच करतो.

दोन्ही एकत्रही वापरता येतं. माझ्या सध्याच्या टेबलाची चौकट आणि पाय एका जुन्या वाशाचे आहेत, वरच्या फळ्या पॅलेटच्या. फक्त त्या चिकटवलेल्या नाहीत. खालून स्क्रूने धरल्यात, आणि स्क्रूचं भोक गोल न पाडता फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट पाडलंय, म्हणजे फळीला आखडायला-फुगायला जागा राहते. फटीसुद्धा यावेळी मीच ठेवल्यात, दोन मिलिमीटरच्या.