फोल्डर नसलेलं गोदाम : ऑब्जेक्ट स्टोरेज कसं घडत गेलं

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ आमचं स्कॅनिंगचं छोटं ऑफिस आहे. जुनी रजिस्टरं, नकाशे, पावत्यांचे गठ्ठे येतात, स्कॅन होतात आणि क्लाउडवर चढतात. गेल्या उन्हाळ्यात एका फोल्डरच्या नावात चूक निघाली, 'नोंदवही'तला अनुस्वार गळाला होता. ऑपरेटर पोराला म्हटलं, नाव तेवढं बदलून टाक. चहाच्या वेळी विचारलं तर म्हणाला, "अजून फिरूनच राहिलं ना जी!" संध्याकाळी ऑफिस बंद करतानाही ते फिरतच होतं. आत चारेक लाख प्रतिमा होत्या. पुढच्या बिलात त्या एका अनुस्वाराची रक्कम वेगळी लागून आली.

आमचा साठा कुठल्या कंपनीकडे आहे ते इथे महत्त्वाचं नाही, कारण दोष आमच्या अज्ञानाचा होता. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे प्रत्येक फाइल एक सुटी वस्तू (ऑब्जेक्ट) म्हणून ठेवणाऱ्या अशा साठ्यात, मुळात फोल्डर नावाची चीजच नसते. 'काटोल/१९५२/पान-०१७' हे एकच सलग नाव असतं, त्यातली तिरपी रेघ इतर अक्षरांसारखंच एक अक्षर. ती पाहून स्क्रीन आपल्यासाठी फोल्डरचं चित्र काढून दाखवते, इतकंच. नाव बदलायचं म्हणजे प्रत्येक वस्तूची नव्या नावाने प्रत करायची आणि जुनी खोडायची, चार लाख वेळा. शिवाय आमच्या प्रतिमा 'कमी वापराच्या' स्वस्त वर्गात ठेवलेल्या. तिथे वाचण्याचे पैसे वेगळे, आणि ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत खोडलं तर उरलेल्या दिवसांचं भाडंही भरावं लागतं.

इतकी साधी सोय काढून का टाकली असेल, याचं उत्तर या तंत्राच्या जन्मात आहे.

फोल्डरांची उतरंड मल्टिक्स आणि युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालींच्या काळातली, म्हणजे १९६०-७० च्या दशकांतली. एका यंत्राला ती पुरते. पण डिस्क शेकड्यांनी वाढल्या आणि नेटवर्कवर पसरल्या, तेव्हा कुठली फाइल कुठे आहे हे सांगणाऱ्या एकाच कारकुनापुढे रांग लागू लागली. १९९० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात गार्थ गिब्सन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की जागेचा हिशोब डिस्कनेच ठेवावा, बाहेरच्याने फक्त 'अमुक वस्तू दे' म्हणावं. २००४ मध्ये त्याचं प्रमाणही ठरलं, पण तशा डिस्क बाजारात काही रुजल्या नाहीत. ईएमसी कंपनीची २००२ ची सेंटेरा ही पेटी मात्र चालली. तिच्यात मजकुरावरूनच वस्तूचा पत्ता निघे, त्यामुळे मजकूर बदलला की पत्ताही बदले. एक्स-रे, बँकांचे कागद अशा न बदलणाऱ्या गोष्टींसाठी ती सोयीची होती.

१४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनने एस-थ्री ही भाड्याने साठवण देणारी सेवा सुरू केली आणि ही कल्पना प्रयोगशाळेतून दुकानात आली. दर होता महिन्याला एका जीबीमागे १५ सेंट. वस्तू ठेवा, आणा, खोडा, यादी मागा, याहून फारसं काही नव्हतं. एक वस्तू जास्तीत जास्त ५ जीबीची (२०१० च्या अखेरीस ती मर्यादा ५ टीबी झाली). फाइलच्या मधली ओळ बदलणं नाही, शेवटी भर घालणं नाही, नाव बदलणं नाही. या 'नाही'मुळेच सगळं जमलं. प्रत्येक वस्तू सुटी, दुसऱ्या कुणावर अवलंबून नाही, म्हणून हजारो यंत्रांवर हवी तशी वाटता येते. त्यानंतर आलेली बहुतेक वैशिष्ट्यं म्हणजे तेव्हा काढलेली एकेक सोय परत आणण्याची खटपट आहे, असं माझं मत आहे.

या वस्तू ज्यात ठेवायच्या त्या 'बकेट'ला बादली म्हणणारे भेटतात. मला महसूल दप्तरातला बस्ता जवळचा वाटतो. फडक्यात बांधलेला, वर चिठ्ठी लावलेला. फरक असा की एस-थ्रीवर या बस्त्याचं नाव सहसा जगभर एकमेव लागतं. त्यातून २०२४ मध्ये एक मासलेवाईक प्रकार घडला. एका प्रोग्रामरने ॲमेझॉनवर चाचणीपुरती रिकामी बकेट उघडली आणि त्याला १३०० डॉलरच्या वर बिल आलं. एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये नमुना म्हणून नेमकं तेच नाव घातलेलं होतं, त्यामुळे जगभरातून तिथे माल टाकण्याच्या कोट्यवधी विनंत्या येत होत्या. सगळ्या नाकारल्या जात होत्या, पण नाकारण्याचेही पैसे त्याच्याच नावावर पडत होते. बोभाटा झाल्यावर मे २०२४ मध्ये कंपनीने असे पैसे लावणं बंद केलं.

वस्तू टिकतात कशा? एस-थ्रीच्या जाहिरातीतला आकडा ९९.९९९९९९९९९ टक्के, म्हणजे अकरा नवांचा. एक कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एक हरवेल, असा कंपनीचा हिशोब. यामागचं गणित १९६० चं, आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांचं. समजा एका वस्तूचे दहा तुकडे केले आणि त्यांच्यावरून गणिताने आणखी चार काढले. हे चौदा तुकडे वेगवेगळ्या डिस्कवर ठेवले, तर त्यांतले कुठलेही दहा हाती असले की मूळ वस्तू पुन्हा उभी राहते. तीन पूर्ण प्रती ठेवायच्या तर तिप्पट जागा लागली असती, इथे दीडपटही लागत नाही. ओरखडा पडलेली सीडी वाजते आणि फाटका क्यूआर कोड चालतो तो याच गणितावर.

पण अकरा नव डिस्क बिघडण्यापासून वाचवतात, आपल्या हातापासून नाही. चुकीची वस्तू खोडली तर ती चौदाही ठिकाणांहून जाते. म्हणून २०१० मध्ये आवृत्त्या ठेवण्याची सोय आली. सातबारा पाहिलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. जमीन विकली तरी जुन्या मालकाचं नाव खरडून काढत नाहीत. त्याला कंस होतो, फेरफार क्रमांक पडतो आणि खाली नवं नाव चढतं. इथेही 'खोडलं' की वस्तूवर खोडल्याची खूण चढते, खाली जुनी आवृत्ती शाबूत राहते. ती खूण काढली की वस्तू परत दिसते. अर्थात त्या कंसातल्या आवृत्त्यांचंही भाडं चालूच असतं, आणि हे बहुतेकांना बिल पाहून कळतं. कुलूप घालून ठरावीक मुदतीपर्यंत खुद्द मालकालाही खोडू न देण्याची सोय २०१८ ची.

एक गोष्ट मात्र बराच काळ खटकत राहिली. जुन्या वस्तूवर नवी लिहून लगेच वाचली, तर कधी कधी जुनीच हाती येई. ती चूक नव्हती, ठरवून केलेली तडजोड होती. सगळ्या प्रती जुळेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवायचं नाही, असा तो विचार. २००७ साली ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी डायनॅमो या आपल्या दुसऱ्या साठवणीवर निबंध लिहिला, त्यातही हेच तत्त्व आहे : खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकायला कधीच 'नाही' म्हणायचं नाही. दुकानाला ते ठीक, हिशोबाला नाही. मग लोकांनी बाजूला स्वतःच्या याद्या ठेवून दिवस काढले. डिसेंबर २०२० मध्ये ही अडचण वेगळे पैसे न घेता दूर झाली.

सुरक्षेची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे आणि फारशी अभिमानाची नाही. २०१७ च्या सुमारास उघड्या राहिलेल्या बकेटांमधून लोकांची माहिती बाहेर पडल्याच्या बातम्या पाठोपाठ आल्या. सगळी दारं एकदम लावणारा खटका २०१८ मध्ये मिळाला, आणि नवी बकेट बंद दारानेच जन्माला यायला एप्रिल २०२३ उजाडला.

आपल्याकडे ॲमेझॉनचा मुंबईतला तळ जून २०१६ मध्ये सुरू झाला. त्याआधी नागपूरची फाइल सिंगापूरला नाहीतर आणखी लांब जाई. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच ठेवायला सांगितली आणि 'साठा नेमका कुठे आहे' हा प्रश्न हौसेचा उरला नाही.

नागपुरात या तंत्राचा सगळ्यात देखणा उपयोग मला उपग्रहचित्रांत दिसतो. सेंटिनेल-२ ची चित्रं सुमारे ११० किलोमीटर बाजूच्या चौकोनांत मिळतात. माझा एक ओळखीचा काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांचा हिरवेपणा मोजतो. तो पूर्ण चौकोन उतरवत नाही. वस्तूतले अमुक ते अमुक बाइट दे, असं मागता येतं, आणि चित्र त्याच बेताने रचलेलं असतं. त्यामुळे तो बागेपुरता तुकडा उचलतो. घरच्या साध्या कनेक्शनवर त्याचं काम चहा निवेपर्यंत होतं.

मराठी नावं देणाऱ्यांसाठी एक तपशील. एस-थ्रीवर नावाची मर्यादा १०२४ बाइट आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ३४१ चिन्हं. काना-मात्राही त्यात धरायच्या. त्याहून चकवणारी गोष्ट 'वऱ्हाड' या शब्दात आहे. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि 'र' खाली नुक्ता देऊनही. जुन्या मॅकच्या डिस्कवरची नावं दुसऱ्या पद्धतीने साठवलेली असत. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण बकेट फक्त बाइट पाहते. आमच्याकडे दोन वऱ्हाडं शेजारी शेजारी उभी होती आणि प्रत्येकात निम्मी रजिस्टरं.

नाव बदलण्याचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खऱ्या फोल्डरांची उतरंड असलेला साठा आणला. ॲमेझॉनने २०२५ मध्ये एका दमात नाव बदलण्याची आज्ञा दिली, पण ती फक्त एकाच झोनमध्ये (डेटा सेंटरांच्या एकाच गटात) राहणाऱ्या महागड्या, वेगवान वर्गात चालते. आमचा साठा या दोन्ही प्रकारांतला नाही. 'वऱ्हाड' आम्ही आता 'विदर्भ' असं लिहितो आणि नवं फोल्डर चढवण्याआधी पोराला नाव मोठ्याने वाचून दाखवायला लावतो.