पार्श्वभूमी: कॉट्सवोल्डची दगडी घरं आणि दरजांतला चुना

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातल्या बिबरी गावची आर्लिंग्टन रो ही घरांची रांग म्हणजे चौदाव्या शतकातलं लोकरीचं कोठार. सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. कॉट्सवोल्डमधली आज दिसणारी बरीचशी दगडी घरं त्याच शतकातली किंवा नंतरची आहेत. छपरावरच्या 'स्लेट' खऱ्या स्लेट नव्हेत, चुनखडीच्याच पातळ फरशा आहेत.

भिंत दीड-दोन फूट जाड असते. आत-बाहेर दगडाची तोंडं, मधे चुना-मातीत दाबलेल्या कपच्या, आणि पायथ्याला ओल अडवणारा थर नाही. भिंतीत शिरलेलं पाणी मऊ चुन्याच्या दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, उडून जातं. या घरांचं आयुष्य त्यावरच टिकून आहे.

पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंट १८२४चं असलं, तरी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्त्यांत ते सर्रास वापरलं गेलं. १९४७च्या नगररचना कायद्याने संरक्षित इमारतींच्या याद्या सुरू झाल्या, पण यादीतल्या घरांच्या दरजाही सिमेंटने भरल्या गेल्या. वाट बंद झाल्यावर ओल दगडातून निघू लागली. थंडीत ती गोठली, क्षार फुलले, दगडाचे पापुद्रे सुटले. अशा भिंतीत दगड दोन बोटं आत गेलेला असतो आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उभी राहते.

मग चुना परतला, आणि खरा घोळ इथे झाला. १९९०च्या दशकापासून फ्रान्समधून नैसर्गिक हायड्रॉलिक चुन्याची, म्हणजे पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणाऱ्या चुन्याची, पोती येऊ लागली. त्यांवर २, ३.५ आणि ५ असे आकडे असतात. हा आकडा २८ दिवसांनंतरच्या किमान ताकदीचा, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. प्रमाणकाची मुभा मात्र बरीच सैल आहे: २च्या मालाला ७पर्यंत, ३.५ला १०पर्यंत, ५ला १५पर्यंत. म्हणजे २ लिहिलेलं पोतं ३.५च्या पोत्याहून कडक निघू शकतं. शिवाय २८ दिवसांनंतरही ताकद वाढतच राहते. तरीही कामाच्या तपशिलात '३.५' डोळे झाकून लिहिलं गेलं, कारण नावात 'चुना' होता. मऊ चुनखडीच्या घरांसाठी हा निर्णय चुकीचाच होता.

दरजांतला जुना मसाला, म्हणजे चुना-वाळूचं मिश्रण, फोडला की त्यात चुन्याच्या पांढऱ्या गाठी दिसतात. कळीचा चुना (भाजलेला, अजून पाणी न घातलेला) वाळूतच पाणी घालून विरवल्याची ती खूण. एक भाग कळी आणि तीन भाग वाळू घेतली, तरी कळी फुलून जवळपास दुप्पट होते, त्यामुळे मसाला चुन्याने भरलेला असतो. गेल्या दशकभरात ही पद्धत पुन्हा रुजते आहे.

दरज रुंदीच्या किमान दुप्पट खोल, हाताच्या छिन्नीनेच मोकळी करावी. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो, त्या परत येत नाहीत. आतली धूळ काढून दगड भिजवावा, मसाला दाबून भरावा, थोडा आवळल्यावर ताठ ब्रशने ठोकावा आणि दगडाच्या तोंडाबाहेर येऊ देऊ नये. ओलं गोणपाट कित्येक दिवस टांगून ठेवावं. पारा ५ अंशांखाली जाणार असेल, तर काम वसंतापर्यंत थांबवावं. गोठलेला कच्चा चुना पहिल्याच हिवाळ्यात भुकटी होऊन गळतो.